कोचला ईमेल पाठवू का?

पत्र

स. न. वि. वि.

आम्ही बरीच वर्षं ओहायोत आहोत. धाकटा मुलगा इथल्याच एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या फुटबॉल संघात (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा) आहे. म्हणजे बॅकअप, राखीव. कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तराचं, त्यामुळे खेळाची स्कॉलरशिप नाही, फी आम्हीच भरतो. यंदा ६ सामने झाले, ३ हरलो. पहिला क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाचा आहे, त्याचे ८ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले पास) झालेत. माझा मुलगा तीन सामन्यांत शेवटी शेवटी उतरला: १४ पास, त्यातले ११ पूर्ण, २ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं), इंटरसेप्शन एकही नाही. बाकी वेळ तो टोपी घालून साइडलाइनला हातवारे करत उभा असतो. हे बघायला आम्ही दर शनिवारी दीड तास गाडी चालवत जातो!

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्मे लोक माझ्या बाजूचे आहेत. मी कोचला सविस्तर ईमेल लिहून ठेवलाय, आकड्यांचा तक्ता जोडून. मुलाला दाखवला, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बायको म्हणते, आधी त्याच्या मिडटर्मचं बघा. पण पुढे गाजलेला क्वार्टरबॅक जो बरो, त्यालाही ओहायो स्टेट विद्यापीठाने असंच बसवून ठेवलं होतं ना? मेल पाठवू का? आणि तरी खेळवलं नाही तर त्याला कॉलेज बदलायला सांगू का?

– क्यूबीचा बाबा

उत्तर

प्रिय बाबा,

मेल पाठवू नका. तक्त्यासकट डिलीट करा आणि मग पुढचं वाचा. तुमच्या मुलाला जास्त खेळायला मिळावं की नाही, या प्रश्नावर मी बरीचशी तुमच्याच बाजूची आहे. पण तुम्ही जो पुरावा मांडलाय त्यात दम नाही.

‘शेवटी शेवटी उतरला’ हे तुमचेच शब्द. म्हणजे निकाल जवळजवळ लागल्यावर. त्या वेळी समोर प्रतिस्पर्ध्याची दुसरी फळी असते, कधीकधी तिसरीसुद्धा. आघाडीवर असलेल्या संघाला फक्त लांबचा पास अडवायचा असतो. पाच-सात यार्डांचे पास तो खुशाल देतो, कारण घड्याळ त्याच्या बाजूने पळत असतं. आणि आघाडीवर आपण असलो, तर आपलाच कोऑर्डिनेटर (प्ले, म्हणजे चाली ठरवणारा कोच) मोजक्या सोप्या प्लेंच्या बाहेर जात नाही. एखादा स्क्रीन, एखादा छोटा स्लँट (दोन्ही सोपे, जवळचे पास), नाहीतर बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटात खुपसला की काम झालं. १४ पासांत ११ पूर्ण हे छानच, पण १४ पास म्हणजे पुरता एक हाफसुद्धा होत नाही.

आता त्या दुसऱ्या मुलाचे ८ इंटरसेप्शन. त्यातले किती बॉल आपल्याच रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हाताला लागून उडाले? किती चौथ्या क्वार्टरमध्ये, दोन टचडाउनने मागे असताना, फेकावेच लागले म्हणून फेकलेले होते? तुमच्या तक्त्यात हा रकाना नसणार, कोचच्या फिल्ममध्ये तो असतो. पराभवाच्या सामन्यात पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला नेहमी अवघड पासच येतात, आणि तो बाहेर गेल्यावर येणाऱ्याला सोपे. म्हणून तर अमेरिकेत गंमतीने म्हणतात की गावातला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे बॅकअप क्वार्टरबॅक. तो कधी हरलेलाच नसतो.

तुमची खरी तक्रार वेगळी असायला हवी. ती तुमच्या पत्रात नाहीच, म्हणून मीच मांडते. क्वार्टरबॅकचं विकेटकीपरसारखं आहे, जागा एकच. रिसीव्हर, लाइनमन, लाइनबॅकर सामनाभर आत-बाहेर होत असतात, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या मुलालाही वीस-पंचवीस स्नॅप (स्नॅप म्हणजे प्लेची सुरुवात, इथे खेळण्याची संधी) मिळून जातात. कीपरचं तसं नसतं. चंद्रकांत पंडित भारताकडून जेमतेम ५ कसोट्या खेळले, त्यातही काही निव्वळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. पंडितांना कोणी वाईट कीपर म्हटलं नाही. बरं, सामन्यात नाही तर नाही, सरावात तरी? तिथेही पहिल्या फळीची लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे पुढचे खेळाडू), पहिले रिसीव्हर आणि त्यांच्यासोबतचे बहुतेक स्नॅप पहिल्या क्वार्टरबॅकलाच जातात. बॅकअपच्या वाट्याला पुष्कळदा येतं ते स्काउट टीमचं काम: येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्ले कार्डावर काढलेल्या असतात, त्या बघून आपल्याच बचावफळीसमोर त्या चालवून दाखवायच्या. आठवडाभर हा मुलगा दुसऱ्याच संघाची प्लेबुक खेळतो. मग कोच म्हणतो, तयार नाही. तयार नाही म्हणून स्नॅप नाहीत आणि स्नॅप नाहीत म्हणून तयार नाही, असं हे चक्र आहे. ते तोडायला सांगणं रास्त आहे, आणि खेळायला मिळण्याचा तुमच्या मुलाचा हक्क खरोखर कुठे असेल तर इथे आहे.

हातवाऱ्यांबद्दल तुम्ही जरा तुच्छतेने लिहिलंय, ते मला खटकलं. पुढच्या शनिवारी नीट बघा. साइडलाइनला दोन-तीन मुलं एकाच वेळी खुणा करत असतात. त्यातल्या एकाच्याच खुणा खऱ्या असतात, बाकीचे समोरच्या संघाला चकवायला हात हलवतात. ज्याच्या खुणा खऱ्या, त्याला कोऑर्डिनेटरने सांगितलेली प्ले ऐकून काही सेकंदांत ती फॉर्मेशन, मोशन आणि प्रोटेक्शनसकट (कोण कुठे उभा, कोण सरकणार, कोण कोणाला अडवणार) मैदानात पोचवायची असते. एक बोट चुकलं तर ११ मुलं दोन वेगवेगळ्या प्ले खेळतात. प्लेबुक पाठ नसलेल्याला हे काम कोणी देत नाही. तुमचा मुलगा खऱ्या खुणा करतो की खोट्या, हे त्याला विचारलंत का? खऱ्या करत असेल, तर कोचचं त्याच्याबद्दलचं मत तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे.

आणि तो मैदानात उतरेल तेव्हा बॉलकडे बघू नका. स्नॅपच्या आधी बघा. हडलमधून (प्लेआधीच्या घोळक्यातून) लाइनवर येताना प्ले क्लॉकवर किती सेकंद उरलेत? बचावफळीतला मधला लाइनबॅकर कोण हे तो बोट दाखवून लाइनला सांगतोय का, की बॉल मागे देणाऱ्या सेंटरलाच ते ओरडावं लागतंय? ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडूंचा हल्ला) येणार असं दिसल्यावर रनिंग बॅकला एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवतो का? मग स्नॅपनंतर: रिसीव्हर वळायच्या आत बॉल हातातून सुटलाय, की रिसीव्हर मोकळा दिसल्यावर सुटतोय? दुर्बळ बचावापुढे दुसरा प्रकारही चालून जातो आणि तक्त्यात दोन्हींची नोंद ‘पूर्ण’ अशीच होते. चांगल्या बचावापुढे त्याच पासाचा इंटरसेप्शन होतो. हे चार-पाच वेळा मन लावून पाहिलंत, तर कोचला काय दिसतंय याचा निम्मा अंदाज तुम्हाला येईल.

आता बरो. बाबालोकांना हे उदाहरण फार आवडतं, पण सगळे अर्धंच सांगतात. जो बरो तुमच्याच राज्यातला, अथेन्सचा. ओहायो स्टेटमध्ये त्याने तीन वर्षं काढली आणि पहिला क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट याच्या मागे खेळायला फारसं मिळालंच नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरावात त्याच्या हाताचं हाड मोडलं. तेवढ्यात ड्वेन हॅस्किन्स दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि नोव्हेंबरमध्ये मिशिगनविरुद्ध बॅरेट जखमी झाल्यावर हॅस्किन्सने उतरून सामना काढून दिला. अन्याय कोणी केला नव्हता. बरोचा हात मोडलेला असताना दुसऱ्याने संधी घेतली. बरोने पुढच्या वसंतातला सराव पुरा केला, डिग्री हातात घेतली, आणि मग २०१८मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) गेला. तिथलं पहिलं वर्षही बेताचंच, १६ टचडाउन पास. दुसऱ्या वर्षी, २०१९ला, ६०. हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची), एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद, मग एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला क्रमांक. लोकांना ते ६० लक्षात राहतात. त्याचे वडील कॉलेज फुटबॉलमध्ये मुरलेले कोच होते, तरी मुलाची जागा तिथे मिळवून देणं त्यांच्याही हातात नव्हतं.

तुमच्यासाठी बरोपेक्षा जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकची गोष्ट जास्त कामाची आहे, कारण तिच्यात बाबा आहेत. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. हाफटाइमला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०–१३ने मागे. हर्ट्स तोवर सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून २५ सामने जिंकलेला आणि फक्त २ हरलेला. कोच निक सेबन यांनी त्याला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. ओव्हरटाइममध्ये टुआ आधी १६ यार्ड मागे सॅक झाला (बॉल हातात असतानाच पाडला गेला) आणि लगेच पुढच्या प्लेला ४१ यार्डांचा टचडाउन पास; २६–२३. एका रात्रीत हर्ट्स बॅकअप झाला.

त्याचे वडील टेक्ससमध्ये हायस्कूलच्या संघाचे कोच. त्या वसंतात त्यांनी एका पत्रकाराला सांगून टाकलं की मुलगा दुसऱ्या क्रमांकावर गेला तर तो कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फ्री एजंट (हव्या त्या संघात जायला मोकळा खेळाडू) ठरेल. मोठी बातमी झाली. आणि मुलगा? गेलाच नाही. तो मोसमभर अलाबामात बसून राहिला. डिसेंबरमध्ये त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टुआ जखमी झाला. हर्ट्स चौथ्या क्वार्टरमध्ये उतरला आणि २१–२८ वरून ३५–२८ने सामना जिंकून दिला. मग डिग्री घेऊन तो ओक्लाहोमाला गेला, आणि पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये सुपर बोलचा (एनएफएलच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या बाबांना खेळातलं तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं, त्यांनी जाहीर केलेला रस्ता मुलाने त्या वर्षी धरला नाही. तुमच्या मुलाने तर दोन दिवस बोलणंच टाकून तुम्हाला उत्तर दिलंय.

मग त्याला किती खेळायला मिळावं? आलटून-पालटून दोन क्वार्टरबॅक खेळवण्याचे प्रयोग खूप झालेत. मिशिगनमध्ये १९९९च्या मोसमात कोच लॉइड कार पहिला क्वार्टर टॉम ब्रेडीला द्यायचे, दुसरा ड्रू हेन्सनला, आणि मग ज्याचा हात चालतोय त्याला दुसरा हाफ. (ओहायोच्या माणसाला मिशिगनचा दाखला देतेय, माफ करा.) काही आठवड्यांनी त्यांनी ते बंद केलं आणि ब्रेडीवर मोसम सोपवला; शेवटी ऑरेंज बोलमध्ये अलाबामाविरुद्ध ३५–३४ने विजय. आधीच ३–३ अवस्थेत असलेल्या संघाला असं निम्मं-निम्मं वाटप मी सुचवणार नाही. लाइनला दोन वेगवेगळ्या आवाजांच्या स्नॅप काउंटची (स्नॅपसाठीच्या पुकाऱ्याची) सवय लावावी लागते, आणि दोघांनाही एका चुकीवर आपण बाहेर जाऊ अशी धास्ती बसते.

माझं मत असं: दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक ठरलेली सिरीज (सलग प्लेंची एक चढाई). आदल्या मंगळवारीच सांगितलेली, स्कोअर काहीही असो, पहिल्या फळीच्या लाइनसोबत. त्यासाठी सरावात पहिल्या फळीचे थोडे स्नॅप. याला संघाचाही स्वार्थ आहे. २०१८ला क्लेमसन विद्यापीठाने चार सामन्यांनंतर क्वार्टरबॅक केली ब्रायंट याला बाजूला करून ट्रेव्हर लॉरेन्सला पहिला केलं, ब्रायंट त्याच आठवड्यात संघ सोडून गेला, आणि लगेच आलेल्या शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी. चेस ब्राइस नावाच्या मुलावर सामना आला. चौथ्या क्वार्टरमध्ये १० गुणांनी मागे होते. त्याने शेवटी ९४ यार्डांची ड्राइव्ह (सलग चढाई) करून २७–२३ असा सामना जिंकला, आणि क्लेमसन त्या वर्षी एकही न हरता राष्ट्रीय विजेता झाला. तो एक सामना गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार प्रत्येक कोच करतो. तुमच्या कोचलाही हे पटू शकतं. फक्त सांगणारा तुम्ही नसावा.

सांगणारा तुमचा मुलगा. थेट हेड कोचकडे नको, आधी क्वार्टरबॅकच्या कोचकडे. सामना झाल्या झाल्या नाही, हरल्याच्या रात्री तर नाहीच. आठवड्याच्या सुरुवातीला, फिल्म बघून झाल्यावर. ‘मी का खेळत नाही’ असं विचारलं की समोरचा बचावाला लागतो. ‘सर, सामना अटीतटीचा असताना तुम्ही मला बिनधास्त उतरवाल, त्यासाठी कोणती गोष्ट मी अजून दाखवलेली नाही?’ असं विचारलं, की कोचला काहीतरी नेमकं सांगावंच लागतं: प्रोटेक्शन उशिरा बदलतोस, डावीकडचा दुसरा रीड (पासाचा दुसरा पर्याय) बघतच नाहीस, असं काहीतरी. ते नेमकं उत्तर वहीत लिहून घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी त्याच माणसाला त्याच गोष्टीची फिल्म दाखवायला सांगायची. कोच गोलमोल बोलला तर तेही कळलं. हे संभाषण त्याला करायचं नसेल, तर मात्र तुम्ही एक शक्यता धरून चाला: मुलगा जिथे आहे तिथे बरा आहे, आणि बेचैन फक्त तुम्ही आहात. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर हा प्रश्न त्याला शांतपणे विचारायला हरकत नाही. सल्ला न देता विचारा, एवढंच.

पालकांच्या ग्रुपवर तुम्ही या विषयावर एक अक्षर लिहू नका. निम्मे लोक तुमच्या बाजूचे असले तरी उरलेल्या निम्म्यांत त्या दुसऱ्या मुलाचे आईवडील असू शकतात. त्यालाही स्कॉलरशिप नाही, त्याचे आईवडीलही फी भरतात, आणि डिव्हिजन थ्रीतल्या बहुतेक मुलांसारखं त्याचंही खांद्यावर पॅड चढवणं नोव्हेंबरात कायमचं संपेल. तो शेवटच्या वर्षाचा आहे म्हणून त्याला खेळवावं, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्येष्ठतेवर क्वार्टरबॅक ठरवू नये. पण स्टँडमध्ये त्याच्या इंटरसेप्शनवर तुमचा जो काही उद्गार निघत असेल, तो त्याच्या आईला ऐकू जातो आणि तिच्याकडून लॉकररूमपर्यंत पोचतो. तिथे तुमच्याच मुलाला उत्तर द्यावं लागतं.

कॉलेज बदलण्याचं आत्ता मनात आणू नका, आणि इथे वहिनींचं मिडटर्म शंभर टक्के बरोबर आहे. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज सोडलं की नव्या ठिकाणी किती क्रेडिट धरतात यावर सगळं अवलंबून असतं. बारा-पंधरा क्रेडिट बुडाले तर एक सेमिस्टर जादा, आणि त्याची फी तुमच्या खिशातून. सध्याच्या कॉलेजने शिक्षणावर किंवा उत्पन्नावर काही आर्थिक मदत दिली असेल तर ती सोबत जात नाही. टीव्हीवर ट्रान्सफर पोर्टलच्या (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीच्या) ज्या गोष्टी ऐकता त्या वरच्या डिव्हिजनच्या, जिथे पूर्ण स्कॉलरशिप आणि आता वर पैसेही मिळतात. बरो आणि हर्ट्स दोघेही डिग्री घेऊन मग गेले, हेही त्या तक्त्यात घालायला हवं होतं.

शिवाय तुम्ही एक साधी गोष्ट विसरताय. पहिला क्वार्टरबॅक मे महिन्यात पदवी घेऊन जातोय. पुढच्या वर्षी जागा रिकामी आहे आणि तुमच्या मुलाचं एक वर्ष शिल्लक आहे. उरलेल्या चार सामन्यांत त्याला किती स्नॅप मिळतात यापेक्षा वसंतातल्या सरावात पहिल्या फळीसोबत कोण उभा राहणार, हा प्रश्न मोठा आहे. संघात पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे क्वार्टरबॅक किती आहेत, कोच बाहेरून कोणी आणतोय का, हे मुलाने मोसम संपल्यावरच्या भेटीत सरळ विचारावं. बहुतेक संघांत प्रत्येक खेळाडूची अशी भेट होते. तिथे कोचने दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं, तर मग डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही तिघं बसा, ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवा, आणि मला पुन्हा लिहा.